तारेचं माप

"दादा, वळव! परत बुडलंय मी!"

हे ओरडताना माझे पाय बोटीच्या काठावर होते, कंबर पाण्यात होती आणि तोंडात खारं पाणी. मागे सुकाणूचा दांडा धरून बसलेल्या दादाने दोन सणसणीत शिव्या हासडल्या. मला नाही, बोटीला. तरी त्या मला लागल्या, कारण बोट बाबांनी स्वतः आखून बांधलेली होती.

दोन माणसांची शर्यतीची बोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही बोट म्हणजे हलकं, चपटं अंग आणि त्याला न शोभेल एवढं मोठं शीड. वारा भरला की ती आडवी व्हायला बघते. तिला उभी ठेवायला वजन लागतं, आणि ते वजन म्हणजे आतली माणसंच. एक जण मागे बसून सुकाणू सांभाळतो. दुसरा कमरेला पट्टा बांधतो, डोलकाठीवरून आलेल्या तारेची कडी पट्ट्याच्या हुकात अडकवतो, काठावर पाय रोवतो आणि सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून देतो. हे दुसरं काम माझं होतं. आई त्याला वटवाघळाचं काम म्हणायची, आणि अशा मुलीला कोण करून घेणार, असंही वर म्हणायची.

आता ही तार मला लांब पडत होती. मी अंग बाहेर झोकलं की पाण्यावर आडवी राहण्याऐवजी पाण्यात जायचे. मी पाण्यात गेले की बोट अडखळायची. बोट अडखळली की दादा भडकायचा. हे रोजचं झालं होतं.

"बाबा, तार लांब पडता," मी घरामागच्या मांगरात, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन सांगितलं.

"लांब नाय ती," बाबा रंधा न थांबवता म्हणाले.

"मी कमरेपर्यंत बुडतंय!"

"दिसला माका," ते म्हणाले, आणि फळीवर फुंकर मारून भुसा उडवला.

आमचे बाबा म्हणजे वासुदेव मेस्त्री. मुंबईला गोदीत जहाजांचे नकाशे काढण्यात त्यांचा उमेदीचा काळ गेला. निवृत्त होऊन कालावलच्या खाडीकाठी घरी आले तेव्हा माणसाने आराम करावा की नाही? त्यांनी घरामागचा गुरांचा मांगर रिकामा केला, जमीन सारवून गुळगुळीत केली आणि तिच्यावर खडूने पूर्ण मापाच्या बोटी काढायला सुरुवात केली. जेवायला हाक मारायला गेलं तरी रेषांवर पाय पडता कामा नये. आम्ही दोघं भावंडं नाचल्यासारखी उड्या मारत आत जायचो. पुढे त्या रेषा मला कळायला लागल्या. पाणी कुठून फाटेल, कुठे चिकटेल, कुठे सुटेल, ते मी खडूच्या वळणावरून सांगायची. दादाला त्यात गोडी नव्हती. त्याला बोट पाण्यात असली की कळायची.

त्या वर्षी मालवणच्या बाजूला शिडाच्या शर्यतींचं एक नवं केंद्र निघालं होतं. तिथे मुलामुलींना शिकवायला दोन माणसांच्या बोटी हव्या होत्या. केंद्राचे प्रमुख कमांडर राजाध्यक्ष, नौदलातून निवृत्त झालेले, बाबांना ओळखून होते. ते म्हणाले, "मेस्त्री, तुमची एक बोट करून आणा. माघात चाचणीची शर्यत घेऊ. बाहेरून मागवलेल्या दोन बोटी आहेत. तुमची त्यांच्या तोडीची निघाली, तर सगळ्या बोटी तुमच्याच रेषांवर करून घेईन."

बाबांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं. मग ताक पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "ही चलूक नाय, तर मी खडू ठेवतलंय." आमच्या घरात खडू ठेवणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

दिवाळी सरल्यावर बोट पाण्यात गेली. आमच्या घराण्याची रीत अशी, की नवी होडी पाण्यात लोटण्याआधी कर्त्या माणसाने सुकाणूचा दांडा थोरल्या मुलाच्या हातात द्यायचा, मग पाण्याला नारळ द्यायचा. आजोबांनी बाबांना दिला होता. मासेमारीच्या जुन्या होडीचा दांडा बाबांनी दादाला दिला, तेव्हा दादाला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून दांडा दादाचा. या वेळी मात्र बाबांनी दांडा आणला आणि आम्हा दोघांच्या मध्ये वाळूवर ठेवला. "घेवा," म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून नारळाची शेंडी काढत बसले. दादाने दांडा उचलला, कपाळाला लावला. बाबांची शेंडी काही संपेना. मला वाटलं, म्हातारपणी हात चालत नाहीत.

तसं बरंच काही मला म्हातारपणाचंच वाटू लागलं होतं. चष्मा कपाळावर ठेवून ते चष्मा शोधायचे. कानावरची पेन्सिल मागायचे. आणि ही बोट! मागे बसणाऱ्याने पाय रोवायला आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या त्या इतक्या जवळ, की आडदांड दादाचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागायचे. मागचा भाग असा निमुळता, की दादा बसला की पाण्यात रुतायचा. बोट धावायला लागली की मागे पाणी गुळगुळ करायचं. चांगल्या बोटीच्या मागे आवाज नसतो, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. त्यात आणखी एक हुकूम. कमरेचा पट्टा दोघांनीही बांधायचा.

"मी मागे बसतंय, माका हुक कित्या?" दादा वैतागला. तो हुक त्याला वाकताना पोटात टोचायचा.

"बांध," बाबा म्हणाले.

दादाने बांधला. बाबांपुढे तो कधी फार बोलायचा नाही.

मी बुचकळ्यात पडले होते. आयुष्यभर ज्या माणसाचं माप चुकलं नाही, त्याचं एकाच बोटीत इतक्या ठिकाणी चुकावं? बाबा बाजारात गेले की मी मांगरात शिरायची. जमिनीवरच्या रेषा आणि बोटीचं अंग सुतळीने ताडून बघायची. सगळं तंतोतंत जुळत होतं. म्हणजे करण्यात चूक नव्हती. मग काढण्यातच असणार. मी रेषा पुन्हा पुन्हा वाचल्या. अशा देखण्या रेषा बाबांनी आधी कधी काढल्या नव्हत्या. बोटीत चूक नाही आणि बोट चालत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, ते मला उमजेना. माझं डोकं अगदी भणभणून गेलं.

आम्ही डोलकाठी पुढे सरकवली. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात घुसायला लागली. मागे सरकवली, गुळगुळ वाढली. शिडाचा ताण कमी केला, जास्त केला. शेवटी तारेला मी गाठी मारल्या, म्हणजे ती आखूड झाली. मी पाण्याच्या वर राहिले खरी, पण माझ्या फाटक्या अंगाचं वजन ते किती! वारा जरा वाढला की बोट आपली कलतेच आहे.

एका दुपारी कमांडर बघायला आले. बराच वेळ किनाऱ्यावर दुर्बीण लावून उभे होते. आम्ही परत आलो तेव्हा म्हणाले, "मेस्त्री, रेषा सुरेख आहेत हो. पण..." आणि तो 'पण' तसाच ठेवून गाडीत बसले. बाबांनी त्यांना शहाळं दिलं.

मला ते सहन होईना. संध्याकाळी मी सरळ विचारलं, "बाबा, चूक खंय हा? सांगा ना. मी दुरुस्त करतंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, काळजीही नव्हती. जरा गंमत वाटल्यासारखं आणि जरा कंटाळल्यासारखं ते बघणं होतं. "होडयेत नाय," ते म्हणाले.

"मगे खंय?"

"शोध."

मला रडू यायला लागलं. माणूस हातातून चाललाय आणि कोडी घालतोय, असं मला वाटलं. दादाला म्हटलं, "बाबांचा काय खरा नाय रे." दादा जाळीच्या दोरीला गाठ मारत होता. त्याने ती सोडून पुन्हा मारली. त्या दिवसांत तो कशावरच बोलायचा नाही. मला वाटलं, त्यालाही तेच दुःख आहे.

माघातली ती दुपार. मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, पडून समुद्राकडचा वारा भरला आणि शर्यत सुरू झाली. दोन बोये, म्हणजे खुणेची तरंगती पिंपं, आणि त्यांना फेऱ्या. बाहेरच्या दोन बोटींत केंद्राची तयार मुलं होती. किनाऱ्यावर कमांडर, त्यांच्या शेजारी धुतलेला सदरा घातलेले बाबा. सुटल्या सुटल्याच आम्ही मागे पडलो. पहिली फेरी संपेपर्यंत त्या दोन्ही बोटी पुढच्या बोयाला वळत होत्या आणि आम्ही त्यांची पाठ बघत होतो. मागे गुळगुळ चालूच. मी तारेला लोंबकळत किनाऱ्याकडे बघत होते. बाबा हलले नव्हते. माझ्या मनात एकच चाललं होतं, की संध्याकाळी हा माणूस खडूचा डबा माळ्यावर टाकणार.

मग वाऱ्याचा एक जबर झोत आला आणि तारेला मी मारलेली गाठ सुटली. तार एकदम मूळच्या लांबीची झाली. मी धपकन पाण्यात. माझं वजन गेलं तशी बोट कलली, आणखी कलली आणि शीड पाण्यावर आपटलं.

वर आले तेव्हा दादा बोटीच्या पोटातून बाहेर निघालेल्या फळीवर उभा राहून तिला ओढत होता. त्याच्या वजनाला ती चटकन उठली. मी मागच्या बाजूने आत सरपटले. दादा मध्यातून, डोलकाठीजवळून चढला. शीड फडफडत होतं, बोट गरगर फिरायला बघत होती, म्हणून मी हाताला लागला तो दांडा पकडला.

"ये लवकर! घे ह्यो दांडो!" मी ओरडले.

दादा तिथेच उभा. वर लोंबणाऱ्या तारेकडे त्याने बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या हाताकडे. तेवढ्यात पुढच्या बोटी आणखी लांब जात होत्या.

"दादा, जागो बदल!"

"बदललो," तो म्हणाला.

त्याने कडी ओढली, कमरेच्या हुकात अडकवली, काठावर पाय रोवले आणि ते सगळं धिप्पाड अंग बाहेर झोकून दिलं.

तार ताठ झाली. दादा पाण्यावर आडवा, ना वर ना खाली. बोट सरळ उभी राहिली. माझे पाय आपसूक मागच्या पट्ट्यांवर गेले आणि बरोब्बर टेकले. दांडा माझ्या कोपरात बसला. आणि मागची गुळगुळ थांबली.

ती शांतता मी अजून विसरलेले नाही. बोट पाणी कापत नव्हती, पाण्यावरून निघाली होती. खडूच्या ज्या रेषा मी महिनोन्‌महिने वाचल्या होत्या त्या आता माझ्या बुडाखाली धावत होत्या. कुठे वळायचं, किती सोडायचं, कधी आवळायचं, हे मला कुणी सांगायला लागलं नाही. मी मोठ्याने हसत होते, आणि का हसते आहे ते मला कळत नव्हतं. डोक्यातला गोंधळ काही गेला नव्हता. फक्त हातांचा गोंधळ संपला होता.

शर्यत आम्ही जिंकली नाही. एवढं मागे पडून कोण जिंकतं? पण एका बोटीला आम्ही शेवटच्या बोयापाशी गाठून मागे टाकलं, आणि दुसरीच्या इतक्या जवळ गेलो की तिच्यातली मुलं मान वळवून बघू लागली.

वाळूला लागलो तेव्हा कमांडर गुडघाभर पाण्यात आले होते, बूट घालून. "मेस्त्री! उलटल्यावर हिला झालं काय? काय बदललंत?"

"काय नाय," बाबा म्हणाले. "माणसां आपापल्या जाग्यार बसली."

कमांडर बोटीकडे वळले. मग बोटीचा निमुळता मागचा भाग, त्या जवळ जवळ ठोकलेल्या पट्ट्या, ती लांब तार, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. "अस्सं!" म्हणून ते हसायला लागले. "मागे हलकं माणूस आणि तारेवर भारी! आणि मी मूर्ख दुर्बीण लावून शीड बघत होतो. याच रेषांच्या बोटी हव्यात मला, मेस्त्री. सगळ्या."

ते गेले. वाळूवर आम्ही तिघंच उरलो. आणि आता मला राग आला. असा राग मला फार कमी वेळा आला आहे. कित्येक महिने मी रडत होते, सुतळीने मापं घेत होते, बापाला वेड लागलं म्हणून झुरत होते.

"तार दादाच्या मापाची होती," मी म्हटलं. "तुमका म्हायती होता!"

"मीच मापान तोडलंय ती," बाबा म्हणाले. "म्हायती नसात कसा?"

"आणि तुका?" मी दादाकडे वळले.

दादाने वाळूत पायाने खड्डा केला. "पयल्याच दिवशी. तू घराक गेल्लंस तेवा किनाऱ्यार कडी अडकवन बघलंय. बरोब्बर बसली."

"मगे बोलूक कित्या नाय?"

"सांगितला असता तर दांडो सोडूक लागलो असतो." त्याने तो खड्डा पायानेच बुजवला. "तू मागूक नको, म्हणान रोज देवळात रवळनाथाक सांगत होतंय मी. कळला? आता मार हवा तर."

एवढा मोठा माणूस, आणि लहान मुलासारखा तोंड फिरवून उभा राहिला. माझा त्याच्यावरचा राग तिथेच विरला. बाबांवरचा राहिला.

"तुमी तरी माझ्या हातात दिलात कित्या नाय?"

"ह्याच्या हातातलो काढून?" बाबा म्हणाले. "मगे गाव काय म्हणालो असतो? बापाशीन दिल्यान. ह्यो जन्मभर तुझ्यार जळलो असतो आणि तू जन्मभर माझ्या जिवार बसलं असतंस. होडी तुझ्या मापान काढलंय मी. दांडो वाळयेर ठेवलंय. पाठ केलंय. आणखी काय करूचा म्हाताऱ्यान?" मग त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि खरोखरच विचारायचं म्हणून विचारलं, "तुका कोणी अडवलेल्यान?"

मला कुणीच अडवलं नव्हतं. त्या दिवशी वाळूवर दांडा आम्हा दोघांच्या मधोमध होता. दादाचा हात त्याच्यापासून जेवढा लांब, तेवढाच माझा. पण मला तिथे दांडा दिसलाच नव्हता. दिसला होता तो दादाचा दांडा. बोटीची एकूण एक रेषा मला वाचता येत होती, आणि ती बोट कुणासाठी काढली आहे तेवढं वाचता आलं नव्हतं.

बाबांनी बोटीवरून दांडा काढला, पुसला आणि पुन्हा वाळूवर ठेवला. पाठ केली. या वेळी नारळ नव्हता, म्हणून नुसतेच समुद्राकडे बघत उभे राहिले. दादाही तिकडेच बघत होता. मी वाकले आणि दांडा उचलला. तो हाताला जड लागला. मग मी तो कपाळाला लावला.

दादा पुढे काही वर्षं माझ्या बोटीच्या तारेवर होता. तारेवरचा त्याच्यासारखा माणूस आमच्या किनाऱ्यावर झाला नाही, हे त्याला आवडायचं नाही तरी लोक म्हणायचे. मग तो व्यापारी जहाजावर गेला. बाबा गेल्यालाही आता काळ झाला. खडू माझ्याकडे आहे. मांगर तोच, जमीन तीच, आणि माझी पोरंसुद्धा मला जेवायला बोलवायला येताना उड्या मारत आत येतात.

दोघांसाठी बोट काढायला लोक माझ्याकडे येतात. भाऊ-बहिणी येतात, नवरा-बायको येतात, मित्र येतात. मी दोघांनाही चालायला लावते, बसायला लावते, वजन घेते, हातपाय मापते. मागे कोण बसणार, ते तेच मला आल्या आल्या सांगून टाकतात. मी ऐकून घेते आणि मला दिसतं ते काढते. बोट पाण्यात जायच्या दिवशी सुकाणूचा दांडा दोघांच्या मध्ये वाळूवर ठेवते, घ्या म्हणते आणि पाठ फिरवते. कधी मागे लगेच पावलं वाजतात, कधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मी वळून बघत नाही. नारळाची शेंडी काढत बसते, एकेक धागा करून.